बॉल पायथनला टँक नको, वारूळ द्या

मिशिगनमध्ये एमएस करणाऱ्या एका मुलाने विचारलंय, त्याचा प्रश्न थोडक्यात असा. ऑक्टोबरमध्ये त्याने बॉल पायथनचं (आफ्रिकेतला लहान अजगर) पिल्लू घेतलं, ते आता दोन फुटांच्या आसपास आहे, वजन ३५० ग्रॅम. दुकानात जे किट मिळालं त्यात २० गॅलनची काचेची टाकी, वर जाळीचं झाकण, एक लाल बल्ब, तळाला चिकटवायचा हीट मॅट, लाकडाचा अर्धा पोकळ ओंडका आणि काचेला आतून चिकटवायचे दोन काट्याचे मीटर. तापमान ८० फॅरनहाइट दाखवतंय, दमटपणा तिशीत. सहा आठवडे झाले साप उंदीर घेत नाही, मागची कात तुकड्यातुकड्यांत निघाली, आणि हल्ली तो दिवसदिवस पाण्याच्या भांड्यात बसून असतो. प्रश्न असा की टाकी लहान पडतेय का, ४० गॅलनची घेऊ की सरळ चार फुटी घेऊ.

मी ओहायोत राहते, २०११ पासून बॉल पायथन पाळतेय, आणि गेली बरीच वर्षं लोकांनी सोडून दिलेले साप घरी आणून सांभाळते, ते सुधारले की नवीन घरी देते. असे जे साप येतात ना त्यातले अर्ध्याहून जास्त तुझ्यासारख्याच किटमधून आलेले असतात, आणि येतानाची तक्रार पण हीच, खात नाही, कात अडकते, सतत पाण्यात बसतो. म्हणून उत्तर जरा लांबलचक देतेय, एकदा नीट लिहिलं की बाकीच्यांनाही उपयोगी पडेल. वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतेय, राग मानू नकोस.

पहिली गोष्ट, तुझा प्रॉब्लेम टाकीच्या साइजचा नाहीये. म्हणजे साइज पुढे लागेलच, त्यावर येतेच, पण याच वस्तू उद्या तू चार फुटी टाकीत मांडल्यास तर साप तिथेही खाणार नाही. प्रश्नासोबत तू टाकलेला टाकीचा फोटो बघ एकदा. मॅट उजव्या कोपऱ्यात खाली आहे, बल्ब त्याच्याच वर आहे, आणि ओंडका डाव्या बाजूला, पाण्याच्या भांड्याला लागून. म्हणजे ऊब एकीकडे आणि लपण दुसरीकडे. सापाला रोज ठरवावं लागतंय की गरम राहू की लपून राहू, आणि बॉल पायथन या निवडीत जवळजवळ नेहमी लपणंच निवडतो. तो थंड बाजूला लपून बसतो, अंग थंड राहतं, थंड अंगाने पचन होत नाही, आणि जो साप पचवू शकणार नाही तो गिळणारही नाही. त्याचं न खाणं हट्ट नाहीये, त्याच्या परीने तो बरोबरच वागतोय.

हा प्राणी मुळात कुठे राहतो ते डोळ्यासमोर आणलं की सगळं सेटअप आपोआप समजतं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप आहे हा, आपल्याकडे बाजारात येणारे बहुतेक घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातून आलेल्यांचे वंशज. तिथे गवताळ माळ, शेतांच्या कडा, पामची झाडं, आणि जमिनीत उंदरांची जुनी बिळं आणि वाळवीची वारुळं. दिवसभर हा साप तिथे आत असतो, अंधारात, अंगाला चारही बाजूंनी माती लागलेली, आणि रात्री बाहेर पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी तिथे सहारावरून हरमॅटन नावाचा कोरडा धुळीचा वारा वाहतो, बाहेर ओठ फुटतात माणसांचे, पण बिळाच्या आत हवा दमट राहते आणि तापमान फारसं हलत नाही. मी वाईजवळच्या गावात वाढले, नागपंचमीला आई आणि काकू वारुळाला जायच्या आणि आम्ही मुली मागे मागे, तेव्हा वारूळ म्हणजे सापाचं घर हे कुणी शिकवावं लागलं नाही. इथे दुकानात मात्र वाळवंट असल्यासारखा सेट विकतात, चकचकीत काच, वरून दिवा, मध्ये मोकळी जागा. म्हणून मी सगळ्यांना हेच सांगते, टँक सजवू नकोस, वारूळ बनव. ऊब, ओल आणि लपण या तिन्ही गोष्टी एकाच जागी, एकाच वेळी मिळाल्या पाहिजेत. बाकी सगळं त्यानंतर.

(बेनिनमध्ये विदा नावाच्या गावी सापांचं एक देऊळ आहे, तिथे हेच बॉल पायथन असतात. रात्री त्यांना मोकळं सोडतात, ते गावात फिरून येतात आणि कुणाच्या घरात शिरला तर लोक त्याला मानाने परत आणून देतात. मला ते वाचून आपल्या लोकांचीच आठवण आली होती.)

आता उष्णतेबद्दल. आकडे आधी सांगून टाकते, सगळे फॅरनहाइटमध्ये. गरम बाजूची हवा ८६ ते ९०, गरम लपणाच्या आतला पृष्ठभाग ८८ ते ९२, थंड बाजू ७६ ते ८०, आणि रात्री कुठेही ७२ च्या खाली जाता कामा नये, मी स्वतः ७५ च्या खाली जाऊ देत नाही. तुझा मीटर ८० दाखवतोय म्हणतोस, पण तो काचेवर मध्यभागी वरती चिकटवलाय, साप काय काचेवर राहत नाही. ते काट्याचे मीटर काढून टाक, त्यांच्यावर माझा अजिबात भरवसा नाही, दोन एकाच कंपनीचे शेजारी ठेवले तरी दहा अंशांचा फरक दाखवलेला मी पाहिलाय. दोन डिजिटल थर्मामीटर कम हायग्रोमीटर (दमटपणा मोजणारा मीटर) घे, ज्याला वायरीच्या टोकाला प्रोब, म्हणजे मोजणारं टोक असतं तसे, एक प्रोब गरम लपणात जमिनीलगत आणि एक थंड लपणात. आणि जमलं तर इन्फ्रारेड टेंपरेचर गन घे, स्वयंपाकासाठी मिळते तीच चालते, पृष्ठभागाचं तापमान एका सेकंदात कळतं.

हीट मॅटबद्दल जरा थांबून सांगते कारण यात मी स्वतः चूक केलेली आहे. माझा पहिला साप २०११ च्या हिवाळ्यात घेतला तेव्हा मॅट भिंतीतल्या प्लगला सरळ लावला होता, तापमान ठरल्या आकड्यावर रोखणारा थर्मोस्टॅट नव्हता, मॅट हाताला कोमट लागतो की, मग काय बिघडणार असं वाटलं. सापाने खालचा भुसा उकरून बाजूला केला आणि उघड्या काचेवर पोट टेकून झोपला. साप पोटाखाली भाजत असताना उठून जात नाही, ही गोष्ट खूप जणांना खरी वाटत नाही, मलाही वाटली नसती. मी चार दिवसांनी उचलला तेव्हा पोटाचे खवले तपकिरी होऊन फोड आले होते. डॉक्टर, मलम, कागदावर ठेवणं, आणि कितीतरी काती गेल्या तेव्हा ते पोट सरळ झालं, डाग शेवटपर्यंत राहिला. त्यामुळे माझ्या घरी नियम एकच आहे, जी वस्तू उष्णता देते ती थर्मोस्टॅटशिवाय प्लगला लागत नाही, एक रात्रसुद्धा नाही.

तू आज संध्याकाळी जाऊन काय करायचंस ते म्हणजे थर्मोस्टॅट आणायचा. मॅटसाठी साधा चालू-बंद वाला पुरतो. प्रोब मॅट आणि काच यांच्यामध्ये बाहेरून चिकटव, टाकीच्या आत मोकळा ठेवू नकोस, कारण आत साप प्रोब ढकलतो किंवा त्यावर पाणी सांडतं आणि थर्मोस्टॅटला वाटतं थंड आहे, मग तो मॅट तापवतच राहतो. आधी ९२ ला सेट कर, दोन तासांनी लपणाच्या आतली जमीन गनने तपास आणि त्याप्रमाणे वरखाली कर, काचेची जाडी आणि भुशाचा थर याने फरक पडतो, म्हणून आकडा मी इथून ठामपणे सांगू शकत नाही.

पण नुसत्या मॅटने तुझं भागणार नाही. मॅट पोट गरम करतो, हवा नाही. मिशिगनमध्ये रात्री घर ६५ वर ठेवत असशील, तर टाकीतली हवा पण तिकडेच जाणार. म्हणून वरून उष्णता लागेल. लाल बल्ब काढ, त्याला रात्रभर लाल उजेडात ठेवण्यात काही अर्थ नाही, रात्र ही रात्रच असली पाहिजे. त्याच्या जागी सिरॅमिक हीट एमिटर लाव, उजेड न देता नुसती उष्णता देतो, २० गॅलनला ६० वॉट बहुतेक पुरेल, खोली फार थंड असेल तर १००. तो पण थर्मोस्टॅटवर, स्वतंत्र. होल्डर चिनीमातीच्या सॉकेटचा हवा, प्लास्टिकचं सॉकेट वितळतं. आणि ‘हीट रॉक’ नावाचा गरम होणारा दगड मिळतो तो कुणी फुकट दिला तरी घेऊ नकोस.

आता ओल. खरं तर तुझ्या सापाचा सगळ्यात मोठा त्रास हाच दिसतोय, कात तुकड्यात निघणं आणि पाण्यात बसणं ही दोन्ही कोरड्या हवेची लक्षणं. (पाण्यात बसण्याचं अजून एक कारण असतं, माइट्स, म्हणजे सापाच्या अंगावरचे बारीक काळे किडे. भांड्याच्या तळाला खसखशीसारखे काळे ठिपके दिसतात का बघ, ओल्या पांढऱ्या टिश्यूने साप हळूच पुसून बघ. दिसले तर आधी डॉक्टर, मग बाकीचं.) तिशीतला दमटपणा चालत नाही, ६० ते ८० च्या मध्ये हवा, कात टाकायच्या वेळी वरच्या बाजूला.

हिवाळ्यात हे का होतं ते समजून घे म्हणजे उपाय पण कळेल. बाहेरच्या गोठलेल्या हवेत पाणीच नसतं जवळजवळ, ती हवा घर तापवणारा फर्नेस ७० पर्यंत तापवतो, पाणी तेवढंच राहतं, त्यामुळे घरातला दमटपणा वीस-पंचवीस टक्क्यांवर येतो. तुझे ओठ फुटतात, दाराच्या कडीला हात लावला की करंट बसतो, तीच हवा. त्यात तुझ्या टाकीचं झाकण म्हणजे अख्खी जाळी, आणि खाली उष्णता. गरम हवा वर जाते, ओल घेऊन जाते, जागा भरायला कोरडी हवा येते. तू दिवसातून चार वेळा स्प्रे मारतोस म्हणालास, ते चुलीवर पाणी शिंपडल्यासारखं आहे, अर्धा तास आकडा चढतो आणि परत खाली. वर पृष्ठभाग ओला राहतो, खाली कोरडा, आणि ओल्या पृष्ठभागावर थंड साप म्हणजे पोटाचे खवले सडायचं आणि छातीत कफ व्हायचं निमंत्रण.

स्प्रे सोडून दे. तीन गोष्टी कर. झाकणाचा साधारण तीन चतुर्थांश भाग बंद कर, अॅल्युमिनियमची चिकटपट्टी मिळते हार्डवेअरच्या दुकानात, डक्टला लावतात ती, ती बाहेरच्या बाजूने लाव, आत चिकट भाग कुठेही उघडा राहता कामा नये कारण सापाला चिकटला तर कातडी सोलून निघते. एमिटरच्या खालचा गोल आणि समोरच्या टोकाला एक पट्टा उघडा ठेव, हवा खेळली पाहिजे. दुसरं, खाली जे अॅस्पेनच्या लाकडाचं भूस आहे ते काढ, ते ओल धरत नाही, बुरशी धरतं. त्याजागी नारळाच्या सोडणाचे तुकडे घाल, कोकोनट हस्क म्हणून विटेच्या आकारात मिळतात, किंवा सायप्रस मल्च (सायप्रस झाडाचा भुगा), आणि चांगला तीन-चार इंचाचा थर दे. (पाइन आणि सीडरचा भुसा कधीच नको, त्याच्या वासाच्या तेलाने सापाला त्रास होतो.) तिसरं, या थराच्या चारही कोपऱ्यांत पाणी ओत, कपाने, सावकाश, म्हणजे खालचा थर ओला होतो आणि वरचा इंचभर कोरडा राहतो. आपण कुंडीला पाणी घालून वरची माती कोरडी होऊ देतो ना, तसं. खालून ओल हळूहळू वर येत राहते, साप कोरड्यावर बसतो आणि दमट हवेत श्वास घेतो. माझ्याकडे हिवाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी ओतावं लागतं, तुझ्याकडे दोनदा लागेल, ते हायग्रोमीटरच सांगेल.

इथे एक गोष्ट लोकांना गोंधळात टाकते. गरम बाजूचा मीटर ५० दाखवतो आणि थंड बाजूचा ७५, मग लोक घाबरून गरम बाजूला पाणी ओततात. गरम हवेत पाणी जास्त मावतं, म्हणून तेवढंच पाणी असताना टक्केवारी कमी दिसते, ७८ अंशांना ७५ टक्के म्हणजेच ९० अंशांना पन्नासच्या आसपास, हवा तीच. त्यामुळे थंड बाजू ७०–७५ असेल तर गरम बाजूच्या ५० ची काळजी करू नकोस. काळजी करायची ती थंड बाजू ५० च्या खाली आली की.

आता लपण, जे तू सगळ्यात स्वस्तात सोडवू शकतोस. तुझा अर्धा ओंडका म्हणजे दोन्हीकडून उघडा बोगदा आहे, त्यात सापाला सुरक्षित वाटत नाही. लपण कसं हवं, तर एकच तोंड, बाकी सगळीकडून बंद, आणि इतकं तंग की साप आत वेटोळं घालून बसला की पाठ छताला आणि कुशी भिंतींना लागली पाहिजे. माणसाला अडचण वाटते ते त्याला आसरा वाटतं. अशी दोन हवीत, हुबेहूब सारखी, एक गरम बाजूला मॅटच्या वर आणि एक थंड बाजूला. सारखी का, कारण एक चांगलं आणि एक बरं असलं की साप चांगल्यातच बसतो, मग ते थंड असलं तरी, आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येतो. विकत घ्यायची गरज नाही, काळ्या प्लास्टिकचा डबा उलटा करून एका बाजूला दार काप आणि कडा मेणबत्तीवर किंवा सँडपेपरने गुळगुळीत कर, झालं. माझ्याकडच्या अर्ध्या सापांची घरं दह्याच्या मोठ्या डब्यांची आहेत.

मग मधली जागा भर. आत्ता तुझ्या टाकीत गरम लपणापासून पाण्यापर्यंत जायला उघडं मैदान आहे, आणि उघड्यावर या प्राण्याला घार-घुबडाची भीती असते, ती त्याच्या रक्तातच आहे. प्लास्टिकच्या पानांच्या वेली, कॉर्कच्या सालीचे तुकडे, चुरगळलेला जाड कागद सुद्धा, इतकं भर की तुला साप सहज दिसलाच नाही पाहिजे. टाकीच्या तीन काचांना बाहेरून काळा कागद लाव. मग मजा बघ, जो साप लपलेलाच असायचा तो बाहेर फिरायला लागतो, कारण आता फिरताना पण तो लपलेलाच असतो. आणि एखादी जाड आडवी फांदी दे. हा साप जमिनीवरचाच असं सगळे म्हणतात, पण नायजेरियातल्या रानात केलेल्या अभ्यासात नर पक्षी जास्त खाताना आढळलेत आणि माद्या उंदीर, म्हणजे नर झाडावर चढतात. माझ्याकडचा सगळ्यात लहान नर रोज रात्री साडेनऊनंतर फांदीवर असतो.

पाण्याचं भांडं जड हवं, थंड बाजूला, पाणी रोज बदल. उजेडासाठी साधा एलईडी बारा तास चालू बारा तास बंद, टायमरवर. यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा लावला तर चांगलं, हलक्या ताकदीचा आणि सावलीची जागा ठेवून, पण आत्ता तुझे पैसे तिकडे घालू नकोस. झाकणाला क्लिपा लाव. दोन साप एकत्र ठेवायचा विचार कधीही करू नकोस, ते गळ्यात गळा घालून बसलेले दिसतात ते प्रेम नसतं, दोघं एकाच चांगल्या जागेसाठी भांडत असतात.

आता तुझा मूळ प्रश्न, टाकी कुठली. ४० गॅलनची घेऊ नकोस. वाईट आहे म्हणून नाही, तर वर्ष-दीड वर्षात बदलावी लागेल म्हणून, आणि परत काच आणि परत जाळी, म्हणजे आत्ता सांगितलेली सगळी लढाई पुन्हा. पूर्ण वाढलेली मादी चार-साडेचार फुटांची होते, कधी पाच, नर तीन-साडेतीनचा, आणि मला तरी असं वाटतं की सापाला अंग सरळ पसरता आलं पाहिजे. त्यामुळे ४ बाय २ बाय २ फूट, पीव्हीसीची, समोरून सरकत्या काचांची. पीव्हीसी उष्णता आणि ओल दोन्ही धरून ठेवतं, वर जाळी नसते, आणि दार समोर असल्यामुळे तुझा हात वरून घारीसारखा येत नाही. त्यात उष्णतेला छताला लावायचं रेडिएंट हीट पॅनेल मला सगळ्यात आवडतं, ८० वॉटचं या मापाला पुरतं, भाजायची भीती फार कमी, पण थर्मोस्टॅट त्यालाही. सिरॅमिक एमिटर आत लावलास तर त्याला जाळीचा पिंजरा पाहिजेच, नाहीतर साप त्याला वेटोळं घालतो. सरकत्या काचांना कुलूप लाव, साप नाकाने काच सरकवतो.

लहान पिल्लाला मोठी जागा दिली की तो घाबरतो आणि खात नाही असं तुला दुकानात सांगितलं असेल. मोठ्या जागेने नाही, मोकळ्या जागेने घाबरतो. मी सहा महिन्यांची पिल्लं चार फुटीत ठेवलीत, चार लपणं आणि भरपूर पानं देऊन, आरामात खातात. तरी तुझ्या परिस्थितीत काही गोष्टी मला माहीत नाहीत. दोन वर्षांत शिक्षण संपून दुसऱ्या राज्यात जाणार असशील तर चार फुटी पेटी हलवणं सोपं नाही, काही पेट्या सुट्या होतात तशी बघ. भाड्याच्या घराच्या करारात पाळीव प्राण्याचं काय लिहिलंय ते वाच. आणि पैसे आत्ता नसतील तर घाई नको, ही २० गॅलनची टाकी मी सांगितलं तशी दुरुस्त केलीस तर पुढचे चार-सहा महिने साप त्यात नीट राहील. आधी दुरुस्ती, नवीन पेटी नंतर. आजारी किंवा उपाशी सापाला एकदम नव्या जागी हलवलं की अजून महिना जातो.

भारतात राहून हे वाचणाऱ्यांसाठी एकच परिच्छेद. आपला भारतीय अजगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो घरी ठेवणं गुन्हा आहे, पिल्लू सापडलं म्हणून सुद्धा नाही, वनखात्याला कळवायचं. बॉल पायथन परदेशी असला तरी तो साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे आणि १९७२ च्या कायद्यात २०२२ साली जी दुरुस्ती झाली त्यानंतर अशा प्राण्यांची सरकारकडे नोंदणी करावी लागते, त्यामुळे कागद नसलेला साप कुणी देत असेल तर घेऊ नका. आणि सेटअपचं गणित तिकडे उलटं आहे, कोकणात पावसाळ्यात ओल कमी कशी करायची आणि विदर्भात मे महिन्यात थंड बाजू ८० वर कशी ठेवायची हे प्रश्न असतात. ९५ च्या वर हवा गेली की थंडीपेक्षा लवकर साप जातो.

एक हिवाळ्याची गोष्ट राहिली. मिशिगनमध्ये बर्फाच्या वादळात वीज जाते, कधी दोन-दोन दिवस. तेव्हा काय करायचं हे आधी ठरवून ठेव. थर्माकोलची एक पेटी, एक कापडी उशीचा अभ्रा, आणि चाळीस तास चालणारे हीट पॅक घरात असू देत. साप अभ्र्यात, गाठ मारून, पेटीत, हीट पॅक वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या आतल्या बाजूला, सापाला टेकणार नाही असा, झाकणाला दोन भोकं. एकदा आमच्याकडे छत्तीस तास वीज नव्हती, मी चार साप असे काढलेत, एकालाही सर्दी झाली नाही.

आता सगळं बदलून झालं की सापाला हात लावू नकोस, दहा दिवस तरी. पाणी बदलायचं, आकडे बघायचे, बस. दहा दिवसांनी संध्याकाळी अंधार पडल्यावर खायला दे. गोठवलेला रॅट रात्रभर फ्रिजमध्ये वितळू दे, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात, मायक्रोवेव्ह नाही. तुझ्या सापाला ३५ ते ४५ ग्रॅमचा पुरे. डोकं शेवटी परत गरम पाण्यात धर, शंभर फॅरनहाइटच्या आसपास, कारण त्याच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात आणि थंड उंदीर त्याला उंदीर वाटतच नाही. लांब चिमट्याने शेपटीकडून धरून गरम लपणाच्या तोंडाशी ने, हलकेच हलव आणि नाही घेतला तर तिथेच ठेवून दिवा बंद करून खोलीबाहेर जा. सकाळपर्यंत तसाच असेल तर टाकून दे आणि परत दहा दिवस थांब. रोज रोज देऊन बघू नकोस, दर वेळी नकार देताना तो जास्तच बिथरतो.

दर आठवड्याला स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करून लिहून ठेव. या प्रजातीचे तब्येतीने चांगले साप महिनोनमहिने न खाता राहतात, म्हणून सहा आठवड्यांनी मला भीती वाटत नाही, पण ३५० चं ३१५ झालं, म्हणजे दहा टक्के गेले, की सापांचं कळणाऱ्या डॉक्टरकडे ने. आणि पुढच्या गोष्टी दिसल्या तर वजनाची वाट न बघता त्याच दिवशी: श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, तोंडातून बुडबुडे किंवा चिकट लाळ, तोंड उघडं ठेवणं, मान वर करून बसणं. डोळ्यावर जुन्या कातीची टोपी राहिलीय का ते टॉर्चने बघ, राहिली असेल तर नखाने काढायला जाऊ नकोस, थंड लपणात ओलं स्फॅग्नम मॉस (ओल धरणारं शेवाळ) घाल आणि पुढच्या कातीपर्यंत थांब, बहुतेक वेळा दोन्ही एकत्र निघतात.

घाई कशाचीच नाही. अमेरिकेत सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात एक बॉल पायथन मादी १९६१ मध्ये आली आणि तिने २०२० साली अंडी घातली, तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे होतं. तुझं पिल्लू अजून वर्षाचंही नाही.

थर्मोस्टॅट लावलास की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला, घर सगळ्यात थंड असतं तेव्हा, चार आकडे बघ, गरम लपणाची जमीन, गरम बाजूची हवा, थंड लपणाचं तापमान आणि थंड बाजूचा दमटपणा. ते आणि झाकणाचा वरून काढलेला फोटो इथे टाक, मी त्याच दिवशी बघून सांगते काय हलवायचं ते.